'तो मुळातच तसा आहे': मानसशास्त्राच्या पहिल्या कोर्समध्ये हे उत्तर का चालत नाही

पहिल्या लेक्चरला मी पुस्तक उघडतच नाही. सगळ्यांना एक कोरा कागद काढायला लावते आणि दोन वाक्यं पूर्ण करायला सांगते. पहिलं, माझ्या ओळखीतला अमुक एक जण नेहमी उशिरा येतो कारण... आणि दुसरं, मला स्वतःला शेवटचा उशीर झाला तो कारण... पाच मिनिटांनी कागद गोळा करते आणि नाव न घेता मोठ्याने वाचते. दरवर्षी तेच होतं. पहिल्या वाक्यापुढे आळशी आहे, बेफिकीर आहे, दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही, मुळातच तसा आहे. दुसऱ्या वाक्यापुढे गाडी चुकली, घरात कुणी आजारी होतं, निघता निघता फोन आला, पाऊस. दहा-बारा कागद वाचून झाले की मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसतं आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येतं.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण जुनीच आहे, पण मानसशास्त्राने तिच्यात एक भर घातली, ती अशी की हे नुसत्या आपमतलबीपणामुळे होत नाही. दुसऱ्याकडे बघताना आपल्याला माणूस दिसतो, त्याला काय काय आडवं आलं ते दिसत नाही. स्वतःच्या बाबतीत बरोब्बर उलटं, आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, समोरचा ट्रॅफिक दिसतो. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोघांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले, आणि काही जणांना स्पष्ट सांगितलं की लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती. तरीसुद्धा वाचणाऱ्यांना वाटलंच की बाजूने लिहिणारा मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवाला असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या सवयीला फंडामेंटल अॅट्रिब्यूशन एरर असं भारदस्त नाव दिलं. मी वर्गात सरळ 'माणसावर ढकलणं' म्हणते, पटकन कळतं.

आता त्या 'आळशी' शब्दापाशी जरा थांबू. तो उशिरा का येतो? आळशी आहे म्हणून. आळशी आहे कशावरून? अहो, रोज उशिरा येतो ना! म्हणजे गोल फिरून आपण निघालो तिथेच आलो, वाटेत फक्त एक लेबल चिकटवलं, आणि गंमत म्हणजे लेबल चिकटलं की डोक्याला शांत वाटतं, आता कारण सापडलं असं वाटतं आणि आपण शोधणं बंद करतो. रागीट आहे, इंट्रोव्हर्ट आहे, ईगो आहे, सगळी त्याच जातीची उत्तरं. हे शब्द वर्णन म्हणून ठीक आहेत, मी पण दिवसभर वापरते, पण ज्या वागण्यावरून लेबल लावलं त्याच वागण्याचं ते कारण म्हणून परत वापरायचं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं. हा कोर्स घेणाऱ्याला वर्षाच्या शेवटी एकच गोष्ट यायला हवी असं मला वाटतं, कुणी का वागलं याचं असं उत्तर देता आलं पाहिजे की जे तपासून बघता येईल आणि चुकीचं निघू शकेल.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, की मॅडम हे सगळं कॉमन सेन्स आहे, आजीला पण माहीत असतं. मग मी फळ्यावर दोन म्हणी लिहिते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आणि खाली, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आता सांगा, संगतीने माणूस बदलतो की नाही बदलत? दोन्ही म्हणी शहाण्यांनीच केल्यात, दोन्ही खऱ्या वाटतात, आणि आपण काय करतो तर जे घडलं ते बघतो आणि जी लागू पडते ती काढतो. पोरगा सुधारला की ढवळ्या-पवळ्या, नाही सुधारला की जित्याची खोड. घडून गेल्यावर सगळंच 'मला माहीतच होतं' वाटतं, याला हाइंडसाइट बायस म्हणतात. मानसशास्त्र एवढंच म्हणतं की आधी सांग. कोणत्या परिस्थितीत खोड टिकेल आणि कोणत्या परिस्थितीत गुण लागेल हे निकाल यायच्या आधी लिहून ठेव, मग बघू.

ही 'आधी सांग'ची शिस्त यायला वेळ लागला. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथून या विषयाचा स्वतंत्र जन्म धरतात. सुरुवातीची एक लोकप्रिय पद्धत होती इंट्रोस्पेक्शन, म्हणजे ट्रेनिंग दिलेल्या माणसाने स्वतःच्या अनुभवाकडे आत वळून बघायचं आणि सांगायचं. अडचण उघड आहे, दोन माणसांनी आत बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर भांडण सोडवायचं कुणी? १९१३ मध्ये जॉन वॉटसन वैतागून म्हणाले की आतलं सोडा, जे वागणं बाहेर दिसतं, मोजता येतं, तेवढंच घ्या. मग कित्येक दशकं उंदीर आणि कबुतरांवरचे प्रयोग. १९५० नंतर कॉम्प्युटर आले तसं लोकांना परत डोक्याच्या आतलं बोलायची हिंमत आली, पण आता मोजमापासकट. आणि मनोविश्लेषणवाले सिग्मंड फ्रॉइड? विचारतातच सगळे. पहिल्या कोर्समध्ये त्यांना साधारण एखाद-दुसरं लेक्चर मिळतं. मनातलं पुष्कळ काही आपल्याला न कळता चालतं ही त्यांची मोठी गोष्ट टिकली, बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा प्रॉब्लेम असा की मुलाला वडिलांचा राग असला तरी थिअरी बरोबर आणि नसला तरी दाबून ठेवलाय म्हणून थिअरी बरोबर. चुकायची सोयच नाही.

तपासायचं म्हणजे कसं, ते एका प्रयोगात दाखवते, माझा सगळ्यात आवडता. १९७३ साली छापून आलेला, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारे विद्यार्थी. त्यांना सांगितलं की शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. काहींना विषय दिला बायबलमधल्या भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची, आणि काहींना दिला नोकरीच्या संधींबद्दलचा साधा विषय. मग निघताना काहींना म्हटलं, अजून वेळ आहे, पण जा सावकाश. काहींना, आता निघालात तर वेळेत पोचाल. आणि काहींना, अरे तुम्हाला उशीर झाला, ते लोक वाट बघतायत, पळा. वाटेतल्या बोळात एक माणूस दारात कोसळल्यासारखा बसलेला, डोळे मिटलेले, खोकतोय, कण्हतोय. तो प्रयोगातलाच होता. प्रश्न एकच, थांबतं कोण?

वर्गात मी इथे थांबते आणि अंदाज लिहायला लावते. बहुतेक जण लिहितात, ज्याच्या डोक्यात शोमरोन्याची गोष्ट ताजी आहे तो थांबेल, जो मनापासून धार्मिक आहे तो थांबेल. निघालं काय, तर ज्यांना वेळ होता त्यातले ६३ टक्के थांबले, मधल्यातले ४५ टक्के, आणि घाईतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मदत करण्यावर भाषण द्यायला निघालेले काही जण तर चक्क त्या माणसाला ओलांडून गेले. एकूण माणसं ४० होती, म्हणजे लहानच सॅम्पल, आकडे दगडावरची रेघ समजू नका, पण बघा ना, बोळातून जाताना कुणी त्यांचा व्हिडिओ काढला असता तर खाली आपण काय लिहिलं असतं? ढोंगी साले, असंच. घड्याळाकडे कुणी बघितलं नसतं.

आणि यात पद्धत कुठे आहे ती बघून ठेवा, कारण बाकी कोर्स याच खुंटीवर टांगलेला आहे. कुणाला घाई आणि कुणाला निवांत हे त्या विद्यार्थ्यांनी ठरवलं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं होतं. समजा तसं केलं नसतं आणि नुसतं रस्त्यावर उभं राहून बघितलं असतं की घाईत असणारे मदत कमी करतात, तर त्यावरून काहीच कळलं नसतं, कारण कदाचित स्वार्थी माणसंच जास्त कामं अंगावर घेऊन घाईत असतील. दोन गोष्टी जोडीने दिसतात म्हणजे एक दुसरीचं कारण आहे असं नाही, हे सगळे पाठ म्हणतात आणि पेपरात पण लिहितात, आणि बाहेर पडून कॅन्टीनमध्ये 'जे सकाळी लवकर उठतात ते यशस्वी होतात' यावर माना डोलावतात. वाटणी रँडम असली की स्वार्थी, दयाळू, झोपाळू, सगळे तिन्ही गटांत सारखेच सांडतात आणि मग जो फरक उरतो तो घाईचा. एवढंच आहे प्रयोगाचं गुपित.

मदतीवरचीच दुसरी गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते आणि ती बरीच वर्षं चुकीची सांगितली गेली. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा रात्री खून झाला, आणि पेपरात आलं की ३८ शेजारी खिडकीतून बघत राहिले, कुणी पोलिसांना फोन केला नाही. शहरातली माणसं मेली आहेत वगैरे अग्रलेख. नंतर लोकांनी कागदपत्रं उकरली तेव्हा दिसलं की नीट दिसलं होतं ते फार थोड्यांना, बऱ्याच जणांना फक्त आवाज आला होता, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी गाजवली त्यानेच २०१६ मध्ये कबूल केलं की बातमीत चुका होत्या. पण त्या चुकीच्या बातमीमुळे डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८ मध्ये केलेला प्रयोग मात्र पक्का आहे. विद्यार्थी एकेकटा खोलीत बसलेला, इंटरकॉमवर इतरांशी बोलतोय, आणि बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट यायला लागते, म्हणजे तसा रेकॉर्ड केलेला आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदत बोलवायला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तर ३१. आणि जे उठले नाहीत ते थंडपणे बसलेले नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, घाम आला होता, आत येणाऱ्याला ते आधी विचारत होते की तो बरा आहे ना? म्हणजे कळकळ होती, जबाबदारी चार डोक्यांत वाटली गेली होती. म्हणून तुम्ही कधी रस्त्यात पडलात तर 'कुणीतरी मदत करा' ओरडू नका, एकाकडे बोट दाखवा, अहो निळा शर्ट, तुम्ही, फोन लावा.

सॉलोमन अॅश यांचा रेघांचा प्रयोग आणि स्टॅनली मिलग्रम यांचा शॉकचा प्रयोग याच रांगेतले. अॅश यांच्या प्रयोगात तीनपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेइतकी लांब आहे एवढंच सांगायचं, लहान पोर सांगेल, पण आधीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि तेव्हा साधारण तीनातलं एक उत्तर गर्दीच्या बाजूला झुकतं. पुस्तकं 'बघा माणूस कसा मेंढरू' असं सांगतात आणि पुढे जातात. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच होती, साधारण चौथा हिस्सा लोक एकदाही झुकले नाहीत, आणि गटात एक, फक्त एक माणूस खरं बोलणारा ठेवला की झुकणं एकदम खाली येतं. मिलग्रम यांच्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतल्या माणसाने उत्तर चुकवलं की त्याला वाढत्या व्होल्टचा शॉक द्यायचा, असं सूचना देणारा सांगत राहतो, शॉक खोटे असतात पण देणाऱ्याला खरे वाटतात. १९६३ च्या लेखात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हे सगळ्यांना पाठ असतं, पण पुढच्या प्रयोगांत सूचना देणारा खोलीतून उठून फोनवर गेला की लोक बऱ्याच प्रमाणात थांबायला लागले, हे कुणी सांगत नाही. माणसं तीच, खोलीतली मांडणी बदलली.

आता शिकणं, म्हणजे लर्निंग. हा भाग मुलांना सोपा वाटतो आणि पेपरात इथेच मार्क जातात. पाव्हलोव्हचा कुत्रा माहीत असतो, खाण्याआधी आवाज, आवाजाने लाळ. पाव्हलोव्हना १९०४ चं नोबेल मिळालं ते मानसशास्त्रासाठी नाही, पचनावरच्या कामासाठी, लाळेचं हे प्रकरण त्यात आडवं आलं. ही झाली एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची शिकवण. दुसरी जात बी. एफ. स्किनर यांची, आपण काहीतरी करतो, त्याचा परिणाम होतो, परिणाम आवडला तर ते परत करतो. इथे एक शब्द आहे, निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट, पुस्तकी मराठीत ऋण प्रबलन, आणि निम्मा वर्ग त्याचा अर्थ शिक्षा असा लिहितो. शिक्षा नाही हो! निगेटिव्ह म्हणजे वाईट नाही, वजा. काहीतरी त्रासदायक वजा होतं आणि म्हणून वागणं वाढतं. डोकं दुखतंय, गोळी घेतली, दुखणं गेलं, पुढच्या वेळी गोळी लवकर घेणार. मूल दुकानात रडतंय, आईने हवं ते घेऊन दिलं, रडणं थांबलं. आता यात कोण काय शिकलं बघा. मूल शिकलं की रडल्यावर मिळतं, ही झाली बेरीज. आई शिकली की दिलं की कटकट थांबते, ही झाली वजाबाकी. दोघं एकमेकांना ट्रेन करतायत आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा हट्टी आहे. परत लेबल.

स्किनर यांच्या कबुतरांचा १९४८ चा एक किस्सा आहे. त्यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक सेकंदांनी दाणे देणारं मशीन लावलं, कबुतर काहीही करो न करो, दाणे येणारच. काही वेळाने बघतात तर एक कबुतर गोल गोल फिरतंय, एक मान कोपऱ्यात खुपसतंय. दाणे आले तेव्हा योगायोगाने जे चाललं होतं तेच पक्कं झालं, असं स्किनर म्हणाले. पुढच्या काही संशोधकांनी ते प्रयोग परत करून पाहिले आणि म्हणाले की यातलं बरंचसं कबुतराचं खाण्याची वाट बघतानाचं नैसर्गिक वागणं होतं. तर वाद आहे. पण परीक्षेला जाताना तोच पेन घेणाऱ्यांनी कबुतराला हसू नये, मी पण घ्यायचे.

मोबाइलवर येते, कारण वर्गात शेवटी सगळे तिथेच येतात. आपण फोन सारखा का उचलतो? आजकालचं तयार उत्तर, डोपामिन मिळतं म्हणून. ऐकायला सायन्स वाटतं, पण हा पण 'आळशी'चाच शहरी भाऊ आहे, मेंदूतल्या रसायनाचं नाव घेतलं म्हणजे कारण सांगून झालं असं नाही. माकडांवरच्या प्रयोगांत वोल्फ्राम शुल्ट्झ यांना दिसलं ते जास्त इंटरेस्टिंग आहे, अनपेक्षित बक्षीस आलं की डोपामिनच्या पेशी जोरात चालतात, पण बक्षीस येणार हे एखाद्या खुणेवरून कळायला लागलं की त्या बक्षिसाला नाही, त्या खुणेला चालतात, आणि खूण दिसून बक्षीस आलं नाही तर नेहमीपेक्षाही शांत होतात. म्हणजे ते मजेचं रसायन कमी आणि 'अपेक्षेपेक्षा बरं निघालं की वाईट' याचा हिशोब जास्त. आता याला स्किनरची दुसरी गोष्ट जोडा, बक्षीस दर वेळी न मिळता कधी तिसऱ्यांदा, कधी विसाव्यांदा मिळालं तर वागणं सगळ्यात चिवट होतं. फोनवर काय असतं? दहा वेळा काही नसतं, अकराव्यांदा हव्या त्या माणसाचा मेसेज. आणि याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा राहतो, उचलतो ते नेमकं कधी?

हे मी स्वतःवर करून पाहिलं. टेबलावर एक चिठ्ठी ठेवली आणि फोन उचलला की एक रेघ, आणि रेघेपुढे दोन शब्द, त्याच्या आधीच्या क्षणी काय चाललं होतं. मला वाटलं होतं की नोटिफिकेशन वाजलं म्हणून, किंवा कंटाळा. चिठ्ठीवर बहुतेक रेघांपुढे निघालं 'वाक्य अडलं'. पेपर तपासताना एखादं उत्तर किती मार्कांचं ते ठरत नव्हतं की हात गेला. म्हणजे मला फोनमधून काही मिळत होतं त्यापेक्षा समोरची अवघड गोष्ट दोन मिनिटांसाठी वजा होत होती. वजाबाकी! मी इतकी वर्षं हेच शिकवते आणि स्वतःचं मला चिठ्ठी मांडेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि ते माहीत नसणं हा माझा विसराळूपणा नव्हे, कोर्समधला एक अख्खा भाग त्यावर आहे. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी एका अभ्यासाबद्दल लिहिलं. बायकांच्या लांब मोज्यांच्या चार जोड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि लोकांना विचारलं, सगळ्यात चांगली कोणती? चारही हुबेहूब एकसारख्या होत्या. डावीकडून उजवीकडे पसंती गेली १२, १७, ३१ आणि ४० टक्के अशी, म्हणजे उजवीकडचीला सगळ्यात जास्त. का निवडली विचारलं तर लोक म्हणाले वीण चांगली आहे, कापड तलम आहे. जागेमुळे असं एकानेही सांगितलं नाही, आणि जागेचा परिणाम झाला असेल का असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं, काहींनी तर विचारणाऱ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

मायकेल गझानिगा यांचा पेशंट याहून पुढचा. एपिलेप्सीच्या उपचारासाठी त्याच्या मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल कापलेला होता. डाव्या भागाला, जो बोलतो, कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं, आणि उजव्याला, जो बोलत नाही, बर्फाचं. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडं, बर्फ काढायला. फावडं का, असं विचारलं. बोलणाऱ्या भागाने बर्फ बघितलेलाच नाही, पण तो 'माहीत नाही' म्हणाला नाही. सहज म्हणाला, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच ना. हे सांगितल्यावर वर्गात नेहमी दोन सेकंद शांतता असते. कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असा एक वकील बसलेला आहे, केस माहीत नसली तरी युक्तिवाद तयार.

आठवणीचं पण तेच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं की गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, आणि काहींना की गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा किती होता. 'आदळल्या'वाल्यांनी वेग जास्त सांगितला हे समजू शकतो. पण आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? आदळल्यावाले ३२ टक्के हो म्हणाले, लागल्यावाले १४. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

जीन्स की संस्कार हा वाद मी पटकन उरकते, कारण प्रश्नच तिरका आहे. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा आजार आहे, पूर्णपणे जीनमधल्या दोषाचा, अन्नातला एक घटक शरीरात मोडत नाही, साठतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ बिघडते. पण जन्मल्यावर लगेच टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं आणि खाण्यातून तो घटक कमी ठेवला तर मूल जवळजवळ नेहमीसारखं वाढतं. आता हा आजार जीनचा की खाण्याचा? खाण तशी माती म्हणणाऱ्यांनी इथे उत्तर द्यावं. आणि अनुवंशिकतेची टक्केवारी कुठे वाचलीत की एक लक्षात ठेवा, ती एका माणसाच्या आत किती भाग जीनचा हे सांगत नाही, माणसामाणसातल्या फरकाबद्दल सांगते. दोन पाय असणं जीनमुळेच आहे, पण कुणाला दोन आणि कुणाला एक पाय हा फरक बहुतेक अपघातांमुळे असतो, त्यामुळे पायांच्या संख्येची अनुवंशिकता जवळपास शून्य निघेल.

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की मानसशास्त्र म्हणजे पक्की ज्ञानाची पेटी, तर तसंही नाही, आणि हे पहिल्याच कोर्समध्ये सांगायला पाहिजे असं माझं मत आहे, काही जण तिसऱ्या वर्षापर्यंत लपवतात. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने नामांकित जर्नल्समधले १०० अभ्यास परत करून बघितले. मूळ अभ्यासांत ९७ टक्क्यांमध्ये ठोस निकाल होता, परत केल्यावर तसा निकाल आला ३६ टक्क्यांत. लहान सॅम्पल, आकडे पाहिजे तसे फिरवणं, आणि 'काही निघालं नाही' असे पेपर छापलेच न जाणं, ही त्यामागची कारणं. वर १९७१ चा तो गाजलेला स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला आणि सहा दिवसांत बंद केलेला, त्यात पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळत होत्या असं नंतर बाहेर आलं. शिवाय जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बोट ठेवलं की 'माणूस असा वागतो' म्हणून लिहिलेलं बरंचसं संशोधन श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजच्या मुलांवर झालेलं आहे. मला यात लाज वाटत नाही. चुका शोधल्या कुणी? याच विषयातल्या लोकांनी.

दोन धोके जाता जाता. हा कोर्स चालू झाला की तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला पुस्तकातला प्रत्येक विकार स्वतःला असल्यासारखं वाटतं, आणि नंतर घरच्यांना. हे जुनंच दुखणं आहे, डॉक्टरी शिकणाऱ्यांना पण होतं. खरंच त्रास असेल तर तज्ज्ञाकडे जा, बाकी चॅप्टर वाचून भावाचं निदान करू नका. दुसरं, व्यक्तिमत्त्वाच्या टेस्ट. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना टेस्ट घेऊन 'खास तुमचं' विश्लेषण दिलं, त्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ हून जास्त मार्क दिले. विश्लेषण सगळ्यांना एकच दिलं होतं, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. तुम्ही बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून कधी कधी काळजी करता. आता सांगा, कोण नाही करत!

माझ्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते राहिलं. आधी मी ठरवलं होतं की निश्चय करायचा, पण निश्चय म्हणजे परत माणसावर ढकलणंच, म्हणून खोलीतली मांडणी बदलली. पेपर तपासताना फोन दुसऱ्या खोलीत आणि टेबलावर एक कोरी वही, उत्तराचे मार्क ठरले नाहीत की वहीत त्याचा नंबर लिहायचा आणि पुढे जायचं, म्हणजे अडलेलं वजा व्हायची सोय फोनशिवाय. पहिले दोन दिवस उलट जास्त उठले, सारखं काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत, बक्षीस बंद केलं की वागणं कमी व्हायच्या आधी एकदा उसळतं हे पुस्तकात आहेच. आठवडाभराने रेघा कमी झाल्या. हात मात्र अजून वाक्य अडलं की टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे जातो, तिथे काही नसतं, आणि मी तसाच तो परत आणून पेन उचलते.